पत्तीचा चहा एकदा फिका, एकदा कडू: नेमकं चुकतं कुठे?

मोठ्या पानांचा चहा पहिल्यांदा घरात आला की तक्रार जवळपास ठरलेली असते. पहिल्या दिवशी तो फुळकवणी होतो. दुसऱ्या दिवशी आपण तो चांगला खळखळून उकळतो, तर घोटभरसुद्धा घशाखाली उतरत नाही इतका कडू. मग तिसऱ्या दिवशी पत्ती कमी टाकतो आणि चहा पुन्हा फिका, वर थोडा कडूही. चौथ्या दिवशी ती पुडी फडताळात मागे सरकते आणि रोजचा चहाचा डबा पुढे येतो.

आमच्याकडे हे अगदी असंच झालं. बहिणीने दार्जिलिंगहून आणलेली पहिली पुडी वाया गेली. आईने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, याला ना रंग, ना दम. एवढे पैसे कशाला घातले तिने?" दुसरी पुडी आली तेव्हा मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, असं आठवडाभर केलं. त्यातून आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांच्या सवयीतून जे कळलं ते लिहिते आहे. पुडी चांगली असूनही चहा बिघडतो, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्ती अगदी छोटी असते.

आधी कारण समजून घेऊ. रोजची आपली चहापूड दाणेदार असते, तिला सीटीसी म्हणतात. म्हणजे पान यंत्रात चिरडायचं, फाडायचं आणि वळवून त्याची बारीक गोळी करायची. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली आणि आज भारतात तयार होणारा बहुतेक चहा याच पद्धतीचा असतो. पान पार फुटलेलं असल्यामुळे मिनिटभरात रंग सुटतो. आपण आधण ठेवतो, साखर-आलं टाकतो, पूड टाकून उकळी काढतो आणि दूध घालून पुन्हा उकळतो. ही सगळी रीत या दाण्याला चपखल बसते. इतकं उकळल्यावर उतरलेला तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, उरलेलं साखर सांभाळते. म्हणून तो चहा कडक लागतो, पण कडू लागत नाही. या चहात काही कमी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पावसात गवती चहा घालून उकळलेल्या चहाची जागा दुसरा कुठलाही चहा घेणार नाही.

पत्तीच्या चहाचं पान मात्र चिरडलेलं नसतं, नुसतं वळलेलं असतं. या पद्धतीला ऑर्थोडॉक्स म्हणतात. ते पान पाण्यात हळूहळू उलगडतं आणि उलगडता उलगडता चव सोडतं. त्याला गॅसवर उकळलं तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि तुरट-कडू भाग तेवढा पातेल्यात राहतो. तो झाकायला दूधही नसतं. म्हणजे जी रीत एका चहाला तारते, तीच दुसऱ्याला मारते.

आता त्या फिका-कडू-फिका फेऱ्याबद्दल. तो सुटत नाही, कारण आपण दोन वेगळ्या गोष्टी एकच समजतो. चहाचा दाटपणा मुख्यतः पत्ती किती यावर ठरतो. चहाचा तुरटपणा मुख्यतः पत्ती पाण्यात किती वेळ राहिली आणि पाणी किती गरम होतं यावर ठरतो. सुगंध आणि गोडसर भाग आधी उतरतो, तुरट द्रव्यं मागाहून उतरत राहतात. त्यामुळे फिका चहा दाट करायला वेळ वाढवला की दाटपणा फारसा वाढत नाही, तुरटपणा तेवढा वाढतो. मग तुरट लागतो म्हणून पत्ती कमी केली की दाटपणा जातो, तुरटपणा मात्र बराचसा तिथेच राहतो. फिका असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. तुरट असेल तर वेळ कमी करा, पत्ती कमी करू नका. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आधी जिभेला विचारा

"बरा नाही लागला" एवढ्यावर दुरुस्ती होत नाही. आपल्या भाषेत कडू आणि तुरट असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत, ते इथे फार कामाला येतात. घोट गिळल्यावर जीभ टाळूला लावून पाहा. कच्चं केळं किंवा आवळा खाल्ल्यावर होते तशी जीभ कोरडी, खरखरीत वाटली तर तो तुरटपणा. कारलं किंवा मेथीचे दाणे चावल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळते ती चव कडू. आणि गरम पाणीच प्यायल्यासारखं वाटलं तर तो फिका. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

तुरट असेल तर बहुतेक वेळा पत्ती पाण्यात पडून राहिली आहे. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे चहा किटलीत किंवा थर्मासमध्ये पत्तीसकट ठेवणे. पहिला कप छान लागतो आणि वीस मिनिटांनी घेतलेला दुसरा तोंड वाकडं करतो. चार मिनिटं झाली की सगळाच्या सगळा चहा गाळून दुसऱ्या भांड्यात काढायचा, थेंबही मागे ठेवायचा नाही. थर्मासमध्ये भरायचा तोही गाळूनच.

कडू असेल तर पातेलं गॅसवर राहिलं होतं का ते आठवा. पत्ती टाकल्यावर गॅस बंदच हवा. मंद आचसुद्धा नको. आपला हात सवयीने पुन्हा बटणाकडे जातो, माझाही जायचा, म्हणून मी पहिले काही दिवस पातेलं शेगडीवरून उचलून ओट्यावर ठेवत असे. गॅस बंद असूनही कडू होत असेल तर चहा कोमल जातीचा आहे आणि पाणी त्याला फार गरम पडतं आहे. हिरवा चहा आणि दार्जिलिंगचा वसंतातला पहिला तोडा यांच्या बाबतीत हे हमखास होतं.

फिका असेल तर, आणि पहिल्यांदा करणाऱ्या जवळपास सगळ्यांचा फिकाच असतो, चमच्याचा घोटाळा आहे.

चमच्याचा घोटाळा

आमच्या चहाच्या डब्यात एक स्टीलचा छोटा चमचा असतो. त्याने सीटीसी पूड सपाट भरून काट्यावर टाकली तर 3 ग्रॅम भरते. त्याच चमच्याने दार्जिलिंगची पत्ती घेतली तर पानं एकमेकांत अडकून चमच्याबाहेर डोकावतात, बघायला भरपूर वाटतं, आणि काटा दाखवतो जेमतेम सव्वा ग्रॅम. म्हणजे "एक कप, एक चमचा" हा हिशेब जसाच्या तसा चालवला तर आपण निम्म्याहून कमी चहा टाकतो आणि वर फिका झाला म्हणून उकळत बसतो. आईच्या "ना रंग, ना दम" चं उत्तर या काट्यावर सापडलं. तिला मी ते वजन दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आधीच नाही का सांगायचं!"

घरात काटा नसेल तर मोठ्या पत्तीचे दोन भरलेले छोटे चमचे एका कपाला घ्या. तुकडा पत्ती असेल तर दीड पुरतो. पण एकदा तरी वजन करून पाहावं असं मी आग्रहाने सांगेन. एकदा डोळ्यांना अंदाज बसला की पुन्हा काटा लागत नाही.

सुरुवातीचं माप असं धरा: 150 मिलिलिटर पाण्याला 2 ते अडीच ग्रॅम पत्ती. काळ्या पत्तीला उकळी फुटलेलं पाणी, तीन ते चार मिनिटं, वर झाकण. दार्जिलिंगच्या पहिल्या तोड्याला उकळी मोडल्यावर मिनिटभर थांबून ओतलेलं पाणी आणि तीनच मिनिटं. हिरव्या चहाला 75 ते 80 अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं. तापमापक नसेल तर पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसू लागले आणि वाफ निघायला लागली की हिरव्या चहाला पाणी तयार झालं असं समजा. चहा चाखणाऱ्यांसाठी आयएसओ 3103 नावाचं एक मानक आहे, त्यात 100 मिलिलिटरला 2 ग्रॅम आणि 6 मिनिटं असं प्रमाण दिलेलं आहे. ते वाचून तसा चहा करायला जाऊ नका. ते प्रमाण दोन चहांची तुलना करताना वापरायचं आहे, प्यायला ते बरंच कडक पडतं.

पाण्याच्या उष्णतेबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. दार्जिलिंग शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटरवर आहे. तिथे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईत ते 100 ला उकळतं, पुण्यात साधारण 98 ला. बहीण तिथे प्यायलेल्या चहाचं इतकं कौतुक करायची, आणि इथे तीच पत्ती, तेवढाच वेळ, पण चहा जरा धारदार व्हायचा. तिथलं उकळतं पाणीच आपल्यापेक्षा पाच-सात अंशांनी निवलेलं असतं. उकळी मोडल्यावर मिनिटभर थांबण्याचा उपाय मला तिथून सुचला.

महागडी भांडी लागत नाहीत

काचेची किटली, अंड्याच्या आकाराची जाळीची डबी, काही घ्यायची गरज नाही. ती डबी तर पत्तीच्या चहाला वाईटच. पान उलगडून तिप्पट-चौपट होतं, डबीत त्याला जागा मिळत नाही आणि मधली पानं कोरडीच्या कोरडी राहतात. झाकणाचं पातेलं आणि रोजची गाळणी पुरते. फक्त दोन गोष्टी बघा. एक, पातेलं आणि गाळणी वेगळी ठेवा. रोजच्या गाळणीला, विशेषतः प्लास्टिकच्या, आल्या-वेलचीचा वास मुरलेला असतो आणि या नाजूक चहात तो लगेच कळतो. दोन, पातळ स्टीलचं पातेलं फार लवकर निवतं. गॅस बंद करून पत्ती टाकायची तर थंडीच्या दिवसांत चार मिनिटांत पाणी कोमट होऊन चहा अर्धवट उतरतो. जाड बुडाचं भांडं घ्या किंवा भांडं आधी गरम पाण्याने विसळून घ्या आणि झाकणावर नॅपकिन टाका.

गाळल्यावर चोथा लगेच टाकू नका, एकदा हातात घेऊन बघा. चहा चांगला उतरला असेल तर पानं पूर्ण उघडलेली, मऊ आणि लवचीक असतात. चांगल्या पत्तीत दोन पानं आणि मधली कळी एकाच देठावर जोडलेली सापडते, नखाएवढ्या पानाच्या कडेचे दातेसुद्धा मोजता येतात. पानं अजून पिळलेली, कडक असतील तर पाणी थंड होतं किंवा वेळ कमी पडला. चहाच्या रंगापेक्षा या चोथ्यावर माझा जास्त विश्वास आहे.

रंगावरून आठवलं. पहिल्या तोड्याचा दार्जिलिंग मार्च-एप्रिलमध्ये खुडला जातो. त्याची पत्ती बरीच हिरवट दिसते आणि चहा फिकट सोनेरी, आपल्या सरबताच्या रंगाचा होतो. पुष्कळांना वाटतं की दुकानदाराने काळ्याऐवजी हिरवा चहा दिला. तसं नसतं. हे पान सुकवताना त्यातला ओलावा खूप काढून टाकतात, त्यामुळे पुढे ते पुरतं काळं पडत नाही. मे-जूनचा दुसरा तोडा तांबूस उतरतो आणि त्याला पिकलेल्या द्राक्षाची आठवण करून देणारा वास असतो. कोऱ्या चहाची अजिबात सवय नसलेल्याने या दुसऱ्या तोड्यापासून किंवा निलगिरीच्या पत्तीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. पहिला तोडा भेट म्हणून छान, पण ज्याने जन्मभर आल्याचा चहा प्यायला त्याला तो पहिल्या दिवशी पाण्यासारखाच वाटणार.

दूध घालायचं का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. दार्जिलिंगमध्ये घालू नका. दुधातलं केसीन चहातल्या तुरट द्रव्यांना चिकटतं. या चहात ती मुळातच जेवढ्यास तेवढी असतात, ती दुधाने धरली की हाती उरतं ते पांचट, कोमट दूधपाणी. दूध हवंच असेल तर आसामची ऑर्थोडॉक्स पत्ती घ्या. ती 150 मिलिलिटरला 3 ग्रॅम, पाच मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि मग दोन-तीन चमचे गरम दूध घाला. दूध घातल्यावर पुन्हा उकळू नका. आमच्याकडे बाबांना असाच चालतो. साखर अर्धा चमचा घातली तरी काही पाप नाही. पहिल्याच दिवशी दूधही बंद आणि साखरही बंद केली की आजारपणातला काढा प्यायल्यासारखं वाटतं आणि माणूस परत त्या वाटेला जात नाही. साखर आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप कमी होते.

वर तवंग येतो, चहा गढूळ होतो

कोऱ्या चहावर तेलकट चकाकणारा पातळ पापुद्रा येतो आणि कपाच्या कडेला तपकिरी वळं राहतं, ही तक्रार पत्तीची नसून पाण्याची आहे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्याचा चहातल्या द्रव्यांशी आणि हवेशी संबंध आला की हा पापुद्रा धरतो. त्याच पाण्याने गरम पाण्याच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. फिल्टरचं पाणी वापरून बघा, एका दिवसात फरक दिसेल. ते नसेल तर लिंबाचे दोन-तीन थेंब टाका, तवंग मोडतो. लिंबाने रंगही एकदम उजळतो, ते बघून घाबरू नका. जड पाण्यात चहाचा रंग काळपट आणि चव बोथट होते, त्यामुळे पापुद्रा डोळ्यांना चालत असला तरी चवीसाठी पाणी बदलावं.

चहा गार होताना दुधाळ, गढूळ झाला तर तो खराब झालेला नसतो. कडक चहा निवला की त्यातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं एकत्र येऊन असं दिसतं. थोडं गरम पाणी घातलं की पुन्हा स्वच्छ होतो.

याउलट, कोरडी पत्ती गार पाण्यात टाकताच गडद रंगाचे ओघळ सुटू लागले तर शंका घ्या. पांढऱ्या गाळण-कागदावर थोडी पत्ती पसरून पाणी शिंपडा, थोडा वेळ ठेवा, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरा. शुद्ध पत्तीचे डाग राहत नाहीत, रंग दिलेल्या पत्तीचे राहतात. ही तपासणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच घरगुती वापरासाठी सांगितलेली आहे.

पुडीवरची अक्षरं

एफटीजीएफओपी, बीओपी अशी लांबलचक अक्षरं बघून गोंधळ होतो. त्यातल्या "ऑरेंज पेको" चा संत्र्याशी काही संबंध नाही, तशी चव शोधू नका. ही अक्षरं पान केवढं आहे, अख्खं की तुकडा, आणि कळ्या किती आहेत एवढंच सांगतात. "बी" ने सुरू होत असेल तर तुकडा पत्ती, म्हणजे ती लवकर उतरते. तिला अडीच-तीन मिनिटंच द्या. एकाच घरात एक पुडी अख्ख्या पानांची आणि एक तुकड्यांची असली आणि दोन्हींना सारखा वेळ दिला, की "मागच्या वेळी छान झाला होता, आता कडू कसा?" हा प्रश्न येतो. तिथे चूक करणाऱ्याची नसते.

दार्जिलिंग म्हणून घेत असाल तर टी बोर्डाचं चिन्ह बघा, त्यात हातात दोन पानं आणि कळी घेतलेल्या बाईचा चेहरा एका बाजूने दिसतो. भौगोलिक निर्देशांक मिळवणारं हे भारतातलं पहिलं उत्पादन, 2004 सालचं. पुडीवर मळ्याचं नाव, तोडा आणि वर्ष लिहिलेलं असेल तर उत्तम. वर्ष नसेल तर मी घेत नाही.

पहिले पंधरा दिवस छान, मग वासच नाही

पत्ती ओलावा आणि वास दोन्ही ओढून घेते. आमची दुसरी पुडी अर्धी झाली तेव्हा तिला हलका जिऱ्याचा वास येऊ लागला, कारण ती मिसळणाच्या डब्याशेजारी क्लिपने बंद करून ठेवली होती. घट्ट झाकणाचा, उजेड आत न शिरणारा स्टीलचा डबा घ्या, तो मसाल्यांपासून आणि शेगडीपासून लांब ठेवा. डब्यात ओला चमचा घालू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पत्तीवर दव धरतं. आपल्या पावसाळ्यात तर मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा आठवड्यापुरती पत्ती छोट्या डबीत काढून घ्यावी. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर हे केलंच पाहिजे. पहिल्यांदा घेताना 50 ग्रॅमच घ्या. दोन ग्रॅमच्या हिशेबाने त्यात पंचवीस कप होतात, आणि तेवढ्यात हात बसतो.

उद्या सकाळी करून बघणार असाल तर एवढंच करा. सवयीप्रमाणे सगळ्यांचा आल्याचा चहा होऊ द्या. तो पिऊन झाला की तासाभराने, तोंड पाण्याने विसळून, फक्त एका कपाचं आधण ठेवा. अडीच ग्रॅम पत्ती, गॅस बंद, झाकण, तीन मिनिटं, गाळा. मग दोन मिनिटं थांबा, कारण खूप गरम असताना यातलं काही कळत नाही. तुरट लागला तर परवा वेळ अर्ध्या मिनिटाने कमी करा आणि फिका लागला तर पत्ती अर्ध्या ग्रॅमने वाढवा. दोन्ही एकाच दिवशी बदलू नका.